राणोजी, ‘जी’सकट

आमच्या मुलाचं नाव राणोजी. पाळण्यातलं, हाक मारायचं, जन्माच्या दाखल्यावरचं आणि आधार कार्डावरचं, सगळं एकच. ओळखीतल्या काहीजणींचे सध्या दिवस भरत आलेत. त्यांना जुनं, घराण्यातलं, चारचौघांत न ऐकलेलं नाव ठेवायचंय म्हणून त्या मला फोन करतात. पहिला प्रश्न असतो, सासरचे काय म्हणाले? मग थोडं थांबून, कागदपत्रांना त्रास झाला का गं? मला विचाराल तर दुसरा प्रश्न आधी यायला हवा. सासरच्यांना नावाची सवय महिनाभरात होते. दाखल्यावर चुकलेलं अक्षर मात्र तुम्ही हलवाल तेव्हाच हलतं. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते.

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. माझं माहेर देवासचं. मी बँकेत आहे, त्यामुळे केवायसीत एका अक्षराने अडकलेली माणसं रोज बघते. ‘लक्ष्मीबाई’ एका कागदावर, ‘लक्ष्मी बाई’ दुसऱ्यावर, आणि मध्ये पेन्शन थांबलेली. तेव्हा नावाच्या बाबतीत मी जरा भित्रीच म्हणा.

नाव आलं आबांकडून, म्हणजे सासऱ्यांकडून. २०२३ च्या डिसेंबरात ते त्र्यंबकेश्वरला गेले होते. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गाव, आडनाव सांगितलं की चोपडी निघते आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी येऊन केलेल्या नोंदी वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत होत्या, त्या उपाध्यांनीच वाचल्या. त्यात आमचा एक राणोजी सापडला. शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून ग्वाल्हेरला तळ टाकला आणि त्या तळाचंच लष्कर झालं. त्या सुमारास आमच्यातलं जे कोणी दक्षिणेतून इकडे आलं, त्यांच्या आगेमागे हा. काय करायचा, लढायचा की घोड्यांची देखभाल करायचा, काही कळलं नाही. नुसतं नाव. आबांनी ते डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणलं आणि पुढे सहा महिने कुणाला बोलले नाहीत.

२०२४ च्या जूनमध्ये, मला सातवा सरत आला असताना, जेवताना त्यांनी हळूच विषय काढला. मुलगा झाला तर राणोजी कसं वाटतं? आई (सासूबाई) म्हणाल्या, “अहो, ते सरदारांचं नाव, आपल्याला झेपायचं नाही.” नवऱ्याने लगेच पेशव्यांचे जोडे छातीशी धरून झोपलेल्या राणोजी शिंद्यांची गोष्ट काढली. खरी-खोटी देव जाणे, पण इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. “मग जोडे सांभाळणाऱ्याचं नाव ठेवायचंय का?” आई. “महादजींच्या वडिलांचं ठेवायचंय,” आबा. त्या रात्रीपुरतं तिथेच थांबलं.

माझ्या मनात तेव्हा कबीर होतं. छोटं, सुटसुटीत, हिंदीत-मराठीत-इंग्रजीत सारखं. पुण्याच्या चुलत बहिणीने आलेली यादी पाठवली: आरव, विहान, रेयांश, अद्वैत. वाईट एकही नाही. पण आमच्या शाखेत खाती उघडायला येणाऱ्या लहान मुलांत आरव इतके असतात की जन्मतारीख बघून वेगळे काढावे लागतात. राणोजीने मात्र डोक्यात घर केलं. मग मी दोन गोष्टी केल्या, आणि वेगळं नाव मनात असणाऱ्या प्रत्येकीला त्या करायला सांगते.

एक, गच्चीवरून ते नाव घेऊन खाली रस्त्यावर हाक मारून बघितली. संध्याकाळची वेळ, फळका बाजाराकडून येणारी वाहनं, हॉर्न. “राणोजीऽऽ” छान जातं. शेवटचा ‘जी’ लांबवता येतो. कबीर मध्येच विरतो. दोन, हिंदी बोलणाऱ्या माणसांना फोनवर नाव सांगून लिहून पाठवायला सांगितलं. शाखेतल्या सहकाऱ्याने पाठवलं ‘राणाजी’. दूधवाल्या भैयांच्या मुलीने ‘रानो जी’, मध्ये जागा सोडून. मैत्रिणीच्या नवऱ्याने ‘रानूजी’. बरोबर कुणीच लिहिलं नाही. पुढे कुठे ठेच लागणार ते तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच पुढची सगळी तयारी जमली.

खरा आक्षेप शेजारच्या काकूंनी घेतला. “रानो तो लड़की का नाम होता है, बेटा.” इकडे रानो हे मुलींचं लाडाचं नाव आहे, ते खरंच. यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. शेवटी नवरा म्हणाला, ‘जी’ कापला तर मुलीचं, ठेवला तर मुलाचं, तेव्हा ‘जी’ कुठेच कापू द्यायचा नाही. ठरलं.

मुलगा ५ ऑगस्ट २०२४ ला झाला, सकाळी दहाच्या सुमारास. आपला श्रावण त्याच दिवशी लागला आणि तोही सोमवारी. उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेपासून मोजतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा तो तिसरा सोमवार होता. अचलेश्वराला गर्दी, रस्ते बंद, आबा रुग्णालयात पोचेपर्यंत बाळ कपड्यात गुंडाळून झालेलं.

रुग्णालय खासगी होतं. ८ तारखेला घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. “बच्चे का नाम?” मी म्हटलं, अजून ठेवलं नाही, बारसं व्हायचंय. ती म्हणाली, “कुछ भी लिख दीजिए, बाद में बदल जाएगा.” इथे जरा थांबून ऐका. काहीही लिहू नका. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यात जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव मागाहून कळवायची सोय कलम १४ मध्ये आहे, नोंदणीपासून १२ महिन्यांत कळवलं तर शुल्कही लागत नाही, आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. रिकामी जागा भरणं सोपं असतं. एकदा पडलेलं ‘सोनू’ काढणं महाकठीण. पूर्वी जन्माचा दाखला कपाटात पडून असायचा, दहावीचा सगळीकडे चालायचा. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच एक कागद. म्हणजे यावरचं नाव तेच पुढे सगळीकडे जाणार.

आम्ही नावाची जागा कोरी ठेवली. रुग्णालयात झालेल्या जन्माची खबर द्यायची जबाबदारी रुग्णालयाची असते, मुदत २१ दिवस. ‘त्याच्या आत नाव कळवलंत तर नोंदीतच घालून पाठवू,’ असं ठरलं.

मग बारसं. गुरुजींनी पत्रिका मांडली तर आश्लेषा, चौथा चरण. आश्लेषाची अक्षरं डी, डू, डे, डो. आमच्या वाट्याला ‘डो’. नवऱ्याला हसू आवरेना, आईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. गुरुजी मात्र शांत. म्हणाले, “नावरस नाव पत्रिकेपुरतं, व्यवहारातलं तुमच्या मनाचं.” त्यांनी ‘डो’वरून एक नाव काढूनही दिलं. ते पत्रिकेत आहे, तिथेच राहू दे. आश्लेषाची शांत मात्र करावी लागली, नक्षत्र पुन्हा आलं तेव्हा, सप्टेंबरच्या सुरुवातीला. दक्षिणा आणि सामान मिळून साडेपाच हजार. नाव ठेवण्याच्या सगळ्या प्रवासात एवढा खर्च दुसऱ्या कशालाच आला नाही, बारशाचं जेवण सोडलं तर.

बाराव्या दिवशी, १६ ऑगस्टला, घरीच बारसं झालं. ताटात तांदूळ पसरून गुरुजींनी सोन्याच्या अंगठीने चार नावं लिहिवली: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. श्रावणाचं मासनाम वासुदेव. शेवटचं नाव लिहिताना नवऱ्याचा हात जरा थबकला. तांदळात ‘ण’ काढणं सोपं नाही, दांडी विस्कटते. दोनदा सारखं केलं. मग वन्संनी पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं आणि पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले. बाहेर आल्या तर हिंदी बोलणाऱ्या पाहुण्यांमध्ये कुजबुज: “क्या रखा?” “राणाजी रखा है शायद.” घुगऱ्या वाटता वाटता मी चार जणींना दुरुस्त केलं आणि पाचवीला सोडून दिलं.

आता तारखा बघा. १९ ऑगस्टला राखी. २१ दिवसांची मुदत २६ ला संपणार, त्या दिवशी जन्माष्टमी, सोमवार. त्याच्या आधी शनिवार-रविवार. म्हणजे खरी शेवटची तारीख २३. सणावारांत बाळ झालं असेल तर बारशाची तारीख ठरवतानाच कॅलेंडर उघडून हे बघून ठेवा.

२० तारखेला नवऱ्याने फॉर्म भरून दिला. हिंदीत सुटी अक्षरं, इंग्रजीत मोठ्या लिपीत, आर, ए, एन, ओ, जे, आय. वन्संच्या ओळखीच्या कोणी तरी आकड्यांच्या हिशेबाने आणखी एक ‘ए’ घालायला सुचवलं होतं. मी बँकेतल्या अनुभवावरून हात जोडले. ज्या गावात शिंद्यांचे सिंधिया झाले तिथे एखादं अक्षर जास्तीचं कशाला वाढवायचं? आडनाव वेगळ्या रकान्यात पूर्ण लिहिलं. हे पण लक्षात ठेवा. इकडे बरेच जण मुलाचं नुसतं पहिलं नाव देतात. पुढे पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी राहते. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या कितीतरी खातेदारांची धावपळ झाली होती. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही घातलं नाही, वडिलांसाठी स्वतंत्र रकाना असतोच.

फॉर्म देण्याआधी नवऱ्याने त्याचा मोबाइलवर फोटो काढला, पोच म्हणून शिक्काही मारून घेतला. या फोटोनेच पुढे वाचवलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, रुग्णालयाकडून व्हॉट्सॲपवर दाखल्याची पीडीएफ आली. घरात मखर बांधायचं चाललं होतं. मी बाळाला पाजता पाजता ती उघडली. नाव: रानो. पुढे आडनाव. लिंग: पुरुष.

मी रडले, लपवत नाही. महिन्याचं बाळ, रात्रभर जागरण, टाके अजून ओढत होते आणि स्क्रीनवर नेमकं ते, जे कापू द्यायचं नाही म्हणून अख्ख्या घराने ठरवलं होतं. आईंनी फोन हातातून काढून घेतला. म्हणाल्या, “आधी गणपती बसू दे. कागद कुठे पळून जात नाही.” ज्या बाईला हे नाव झेपायचं नव्हतं ती पुढे पाच मिनिटं ‘जी’ खाणाऱ्याच्या नावाने पुटपुटत होती.

गणपती बसल्यावर नवरा रुग्णालयात गेला. तिथल्या संगणकावरच्या मुलाने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, हमें लगा ‘जी’ आपने इज़्ज़त से लिखा है.” पंधरा दिवसांच्या बाळाला! पण त्याचंही काय चुकलं म्हणा. इथे प्रत्येक नावाला ‘जी’ लागतोच, डॉक्टर साहब जी, भाभी जी. त्याने तो आदराचा समजून गाळला. आता नोंद पुढे गेलेली, रुग्णालयाच्या हातात काही नाही, दुरुस्ती रजिस्ट्रारकडेच. मात्र त्यांनी एक चांगली गोष्ट केली. लेटरहेडवर पत्र दिलं, की पालकांनी दिलेल्या फॉर्मवर ‘राणोजी’ होतं, नोंद करताना आमच्याकडून राहिलं. सोबत फॉर्मची साक्षांकित प्रत. हे पत्र मागून घ्यायला लाजू नका. भांडून मिळत नाही, गोड बोलून मिळतं.

दुरुस्तीचं कलम १५. नोंदीत चूक असेल तर रजिस्ट्रार ती दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. अर्जासोबत आम्ही दिलं ते असं: मूळ दाखला, रुग्णालयाचं पत्र आणि फॉर्मची प्रत, डिस्चार्ज कार्ड, आमच्या दोघांचे आधार, आणि दोघांचं शपथपत्र. शपथपत्राला स्टँप, टायपिंग आणि नोटरी मिळून ३०० रुपये गेले. टायपिस्टने सवयीने ‘नाम परिवर्तन हेतु’ असं शीर्षक टंकलं होतं. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि तिथेच बदलून घेतलं: ‘त्रुटि सुधार हेतु’. यात फार मोठा फरक आहे. नाव बदलायचंय म्हटलं की तुम्ही वेगळ्या रांगेत जाता, का बदलायचं, कधीपासून वापरता, पुरावा काय. आम्हाला काही बदलायचं नव्हतं. दिलेलं नाव होतं तसं लिहून हवं होतं.

खिडकीवरचे बाबूजी वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी कागद चाळले, दाखला बघितला, अर्ज बघितला आणि मान हलवली.

“नाम तो सही है. रानो. जी तो सम्मान में लगता है, वो रिकॉर्ड में नहीं चढ़ता.”

नवऱ्याने समजावलं. घराण्यातलं नाव, मराठीत असंच असतं, शिवाजी, संभाजी. बाबूजी म्हणाले, ते महापुरुष, त्यांना ‘जी’ लावतातच. नवऱ्याचं बोलणं संपलं. आबा बाजूला बाकावर बसले होते. ते उठून आले, खिडकीवर हात ठेवला आणि विचारलं, “बाबूजी, आप पढ़े कहाँ से हैं?”

“जीवाजी से. बी.कॉम.”

“डिग्री पर क्या लिखा है, जीवा यूनिवर्सिटी?”

बाबूजी एकदम हसले. मागे रांगेत उभा असलेला माणूसही हसला. १९६४ पासून सगळं ग्वाल्हेर ज्या विद्यापीठातून पदव्या घेतंय त्याच्या नावातला ‘जी’ कुणी कधी आदराचा धरला नव्हता. अर्ज आत गेला. नवरा हा किस्सा आता जिथे तिथे सांगतो, दर वेळी आबांचा आवाज थोडा अधिक भारदस्त होत जातो.

त्यानंतर थांबणंच होतं. पितृपक्ष, नवरात्र, दसरा, आणि मधल्या दिवसांत ‘साहब छुट्टी पर हैं’. पावतीवरचा अर्ज क्रमांक घेऊन नवरा अधूनमधून बाड्यावरून (इथला मोठा चौक) घरी येताना डोकावून यायचा. चिडचिड झाली, पण पैसे कुणी मागितले नाहीत, हेही सांगायला हवं. शेवटी त्यांनी बोलावलं तेव्हा मी स्वतः गेले, बाळाला आईंकडे ठेवून. संगणकावर ‘रानोजी’ दिसत होतं. जी आला होता, ण गेला होता. इंग्रजीत टंकलं की हिंदी आपोआप उमटतं आणि त्यात ‘ण’ कधीच उमटत नाही. समोरच्याला सांगितलं तर त्याने दोन कळा दाबून लगेच केलं. तिथे हजर नसते तर ‘रानोजी’च छापून आलं असतं. तेव्हा अंतिम करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून दाखवायला सांगा, दोन्ही भाषांतलं वाचा, आईवडिलांची नावंही वाचा. आमच्या पुढच्या बाईंच्या दाखल्यात मुलाचं बरोबर होतं, तिचं स्वतःचंच चुकलं होतं.

नवा दाखला २३ ऑक्टोबरला हातात पडला, दिवाळीच्या आठवडाभर आधी. राणोजी. क्यूआर कोड स्कॅन करून तेच नाव येतंय हे तिथेच बघून घेतलं. जास्तीच्या प्रती त्याच वेळी घेतल्या.

आधारचं सोपं गेलं. भाऊबीज झाल्यावर, नोव्हेंबरात, पोस्टातल्या केंद्रावर गेलो. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे, डोळे घेत नाहीत. फक्त फोटो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचा ठसा. नोंदणी फुकट. त्रास फोटोचा झाला, कारण राणोजी गाढ झोपले होते आणि डोळे उघडे हवेत. पायाला गुदगुल्या, टाळ्या, शेवटी आबांच्या किल्ल्यांचा जुडगा. फोटोत तो कमालीचा संतापलेला दिसतो, नाव शोभतंय म्हणाले सगळे. इथेही हिंदीत आधी ‘रानोजी’ आलं होतं, पोचपावती छापायच्या आधी बदललं. निळं कार्ड डिसेंबरात पोस्टाने आलं. पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यायला जायचंय.

मध्य प्रदेशाबाहेरच्यांना समग्र आयडी माहीत नसेल. इथे कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकडी क्रमांक असतो, शाळेपासून सगळ्या योजनांपर्यंत लागतो. बाळाचं नाव त्यात जानेवारीत घातलं. आधारशी जुळवणी होते, त्यामुळे आधी आधार नीट करून मगच समग्रकडे जा. उलटं केलं तर दोन ठिकाणी निस्तरावं लागतं.

लसीकरणाच्या कार्डावर पहिले अडीच महिने ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव होतं. दाखला आल्यावर लस टोचायला येणाऱ्या ताईंनी पेनाने खोडून वर नवं लिहिलं आणि शेजारी तारीख टाकली. त्यांनी एका फटक्यात ‘ण’ बरोबर काढला. विचारलं तर म्हणाल्या, माहेर झाशीचं, शेजार मराठी होता.

लोकांचं म्हणाल तर मजाच आहे. निम्मे विचारतात, “महल से कुछ रिश्ता है क्या?” नाही हो, दोन खोल्यांचं भाडं भरतो. बालरोगतज्ज्ञांकडची मुलगी पुकारते, “रानोजी जी आइए,” आणि सगळी बाकडी वळून एखादे पेन्शनर येतायत का बघतात. वन्सं त्याला राणोबा म्हणतात, खालची पोरं राणू. ‘रानो’ अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. शाळेत म्हणतील बहुतेक. तेव्हाचं तेव्हा, पोर तोंडाळ होण्याची चिन्हं आत्तापासून दिसतायत. आई आता पाहुण्यांना सांगतात की नाव त्यांनाच पहिल्यापासून आवडलं होतं. आबा त्या वेळी पेपर वर धरतात.

माझ्या मते वेगळं नाव जरूर ठेवा, पण ज्याला दहा वेळा उच्चारून सांगायची तुमची तयारी आहे तेच. मला कंटाळा येत नाही. नवऱ्याला येतो, तो फोनवर सरळ ‘जीवाजी वाला जी’ असं सांगून मोकळा होतो, आणि ग्वाल्हेरात तेवढं पुरतं.

धाकट्या जाऊबाईंना मार्चमधली तारीख दिली आहे. मुलगी झाली तर आबांनी म्हाळसा सुचवलंय. जाऊबाईंना आवडलंय, दिरांना आवडलंय. मी त्यांना एवढंच म्हटलं, त्यात ‘ळ’ आहे, तेव्हा आधी कार्यालयात जाऊन त्यांच्या संगणकावर तो कुठल्या कळेवर येतो ते बघून या. दीर सोमवारी जाणार आहेत.